उकिडवे आणि मोदकांची चौकशी

"एकट्याने लुबाडलं तर ती लबाडी; सगळ्यांनी मिळून लुबाडलं की तो बाजारभाव."

श्यामसुंदर उकिडवे हे वाक्य बोलले ते नागपुरात, होणाऱ्या सासऱ्यांच्या बैठकीत. सासऱ्यांनी बिचाऱ्यांनी फक्त कलकत्त्यात महागाई कितपत आहे एवढंच विचारलं होतं. आतल्या खोलीतून ऐकणाऱ्या कालिंदीला वाटलं, हा माणूस कविता करत असणार. लग्न होऊन कलकत्त्यात बेहाल्याच्या दोन खोल्यांत आल्यावर तिला कळलं की नवरा वजनमापांच्या खात्यात निरीक्षक आहे आणि जन्मात त्याला सुचलेलं हे एकच वाक्य आहे. ते तो मासळीवाल्याला, रिक्षावाल्याला आणि दाढी करणाऱ्या न्हाव्याला सारख्याच निष्ठेने ऐकवत असतो.

सासरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिला कपाटात एक शिसवी पेटी सापडली. आत लाल मखमल, मखमलीत खोबण्या. घरात कोणी नाही असं बघून तिने पेटी उजेडात नेली. सासूबाईंनी सुनेसाठी ठेवलेलं काही असेल, या समजुतीने तिचे डोळे भरूनही आले होते. खोबण्यांत पितळेची वजनं होती. थोरलं मुठीएवढं, धाकटं नखाएवढं. ते धाकटं ती चिमटीत धरणार तोच उकिडवे दारातून ओरडले, "हात लावू नकोस! घामाने वजन वाढतं!"

नवऱ्याने केलेली पहिली आरडाओरड म्हणून कालिंदीने ती लक्षात ठेवली. पुढे तीस वर्षांत त्यांनी तिच्यावर आवाज चढवला नाही, हेही तिने लक्षात ठेवलं. बाकी सगळ्या जगावर मात्र चढवला.

उकिडव्यांचं घराणं मूळचं उत्तर कलकत्त्यातल्या बागबाजारचं. म्हणजे आजोबा रेल्वेच्या नोकरीत आले आणि बागबाजारला भाड्याच्या खोलीत राहिले. एके काळी मराठे येतील या भीतीने शहराने जिथून खंदक खणायला घेतला, नेमक्या त्याच टोकाला. खंदक पुरा झालाच नाही. शाळेत बंगाली पोरं श्यामसुंदरला "ए बर्गी", म्हणजे लुटारू मराठा, म्हणून चिडवत, तेव्हा हा मुलगा शांतपणे म्हणे, "खंदक अर्धा का राहिला, कंत्राटदाराला विचारलं का कोणी?" म्हणजे दोष दिसला की हिशेब कोणाकडे मागायचा, हे त्याला बाराव्या वर्षीच कळलं होतं.

नोकरीची पहिली दहा वर्षं सियालदहच्या घाऊक बाजारात गेली. पहाटेच्या लोकलने माल यायचा आणि त्याच्या पाठोपाठ उकिडवे यायचे. हातात पेटी, मागे शिपाई. ते पहिल्या गाळ्याशी पोचेपर्यंत शेवटच्या गाळ्यातला तराजू आपोआप खरा होत असे. तागडीच्या पारड्याखाली चुंबक चिकटवायची तिथे जुनी रीत होती, म्हणून पारडं उचलून खाली बघायची उकिडव्यांना सवय लागली. ती सवय त्यांच्या हातात इतकी मुरली की लग्नकार्यात पंगतीला बसले तरी ते आधी ताट उचलून खाली बघत. कालिंदी शेजारी बसली असली तर कोपराने ढोसत असे. समोरच्या पंगतीतले लोक आपापली ताटं उचलून बघू लागत.

बेहाल्यात तर तिला बाजारात जाणं अवघड झालं. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याला उकिडव्यांनी एकदा धरलं होतं: संदेश पुठ्ठ्याच्या खोक्यासकट तोलतोस, म्हणजे पुठ्ठा संदेशाच्या भावाने विकतोस. पंचावन्न ग्रॅम पुठ्ठा! त्या दिवसापासून कालिंदी दुकानात शिरली की मालक आधी रस्त्यावर नजर टाके.

"बौदी, श्यामबाबू मागून येत नाहीयेत ना?" तो बंगालीत वहिनी म्हणून हाक मारून विचारे.

"नाही हो. ऑफिसात आहेत."

"खोकं वेगळं तोललंय. बघून घ्या. स्वतः बघा. नंतर घरी जाऊन काही म्हणू नका." आणि रिकामं खोकं तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे असं धरे, जणू वारलेल्या माणसाचे कपडे परत देतोय.

लाच म्हणावी तर एकदाच घरी आली. दीड किलोचा इलिश मासा, केळीच्या पानात गुंडाळलेला. उकिडव्यांनी तो तोलला, त्या दिवशीचा भाव काढला, पैसे पोचवले आणि पावती मागितली. पावती आली. पण मासा आहे ब्राह्मणाच्या घरी आणि तो कसा साफ करायचा ते दोघांनाही येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. शेवटी तो खालच्या मजल्यावरच्या घोषमावशींना फुकट गेला. पावती मात्र अजून फाइलीत आहे.

पुढे ते ग्राहकांच्या तक्रारींच्या खात्यात गेले आणि पन्नाशीत प्रतिनियुक्तीवर स्पर्धा नियामकाच्या विभागीय कचेरीत. इथे एकट्या चोराला कोणी विचारत नसे. इथलं गिऱ्हाईक म्हणजे टोळी. वरवर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या, पण आतून चहाला एकत्र बसून भाव ठरवणाऱ्या कंपन्या. उकिडव्यांना वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं पारडी उचलत बसलो, आपला जन्म यासाठी होता.

त्यांचं गाजलेलं प्रकरण ब्लीचिंग पावडरचं. पाच शहरांतल्या पाच कंपन्यांनी नगरपालिकांना दिलेले दर पैशापर्यंत सारखे. पाचांचाही युक्तिवाद एकच: योगायोग, साहेब. उकिडव्यांनी शोध घेतला, तर पाचही निविदा सियालदहजवळच्या एकाच झेरॉक्सवाल्याच्या संगणकावरून गेलेल्या. झेरॉक्सवाला आनंदाने म्हणाला, "हो, ते पाचजण नेहमी एकत्रच येतात. फार सज्जन. एकाच प्लेटीतून समोसे खातात."

त्यातलाच एक सज्जन फुटला. कायद्यात तशी सोय आहे. टोळीतला जो पहिला येऊन सगळं कबूल करेल त्याला दंड जवळजवळ माफ, दुसऱ्याला निम्मा, तिसऱ्याला थोडीफार सूट. उकिडव्यांना या कलमाचं फार कौतुक. रात्री भात कालवताना ते कालिंदीला समजावत, "यात गंमत काय आहे बघ. आपण काही करायचंच नाही. फक्त दार उघडं ठेवायचं. मग ते एकमेकांकडे बघायला लागतात. मैत्री मोडायला पुरावा लागत नाही, शंका पुरते."

"वाढू का अजून?" कालिंदी विचारे.

"वाढ. आणि दुसरी गोष्ट, हे लोक पकडले का जातात? लिहून ठेवतात म्हणून. न लिहिता केलं असतं, विभाग वाटून घेतले असते, पैसे एकाच मध्यस्थाकडून फिरवले असते, तर ब्रह्मदेवाला सापडले नसते."

कालिंदी ऐकत असे. इतकी वर्षं रोज जेवताना जे कानावर पडतं, त्यातून कोणतीही शहाणी बाई काहीतरी शिकतेच.

ती शिकली, आणि ते असं झालं. मराठी मंडळातल्या तिच्या दोन मैत्रिणी, सॉल्टलेकची वासंती आणि उत्तरेकडे राहणारी शोभा, गणपतीत उकडीचे मोदक करून द्यायच्या. कलकत्त्यात मराठी घरं मोजकी. बदलीवर आलेल्या बँकेतल्या, केंद्र सरकारातल्या लोकांना घरचा मोदक मिळणं म्हणजे अप्रूप. एका चतुर्थीला एकाच घरी दोघींचे एकवीस-एकवीस मोदक पोचले, तेही वेगवेगळ्या भावाने. यजमानाने महागातले परत पाठवले. त्यानंतर वासंती आणि शोभा आठ महिने बोलल्या नाहीत. हळदीकुंकवाला एक दारातून आली की दुसरी खिडकीतून समोरच्या डेपोतल्या बस मोजायची.

कालिंदीने तह घडवला. भाव एकच. सॉल्टलेक वासंतीचं, उत्तरेची बाजू शोभाची. दक्षिणेला कोणी नव्हतं म्हणून ती बाजू तिने स्वतः घेतली. सगळ्या ऑर्डरी मंडळाचा सचिव उदय घेणार आणि पैसेही त्याच्याच हातून येणार. लिहून काही ठेवायचं नाही.

"हे लिहायचं नाही, ते तुला कुठून सुचलं गं?" वासंतीने कौतुकाने विचारलं होतं.

"असंच," कालिंदी म्हणाली.

याला चार वर्षं झाली. मैत्री टिकली, आणि कालिंदीला पन्नाशी उलटल्यावर काहीतरी असं मिळालं जे फक्त तिचं होतं. दक्षिण कलकत्त्यातली लोकं तिला फोन करून "काकू, तुमच्याच हातचे हवेत" म्हणू लागली. आजवर तिला कोणी फोन केला होता तो "साहेब आहेत का?" विचारायला. मोदक विकते हे मात्र तिने उकिडव्यांना कधी सांगितलं नाही. ते समजत होते, ही मंडळासाठी सेवा करते. सांगितलं असतं तर त्यांनी आधी खाद्यपदार्थांचा परवाना काढायला लावला असता आणि मग प्रत्येक मोदकावर निव्वळ वजन छापायला. मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. पण बायकोची बातमी नवऱ्याला देणं मंडळाच्या घटनेत बसत नव्हतं.

जुलैअखेर उकिडवे निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल मिळाली, गुच्छ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ते पँट-शर्ट घालून कोचावर बसले. कोणी तक्रार घेऊन आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या साबणाच्या वड्या तोलल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली आणि उन्मेष आला.

उन्मेष तिशीतला, बँकेत अधिकारी, नाशिकहून बदलून येऊन चार महिने झालेले. कालिंदीने चहा केला. ट्रे घेऊन ती बाहेर आली तेव्हा तो सांगत होता, "काका, मी मोदक चांगले करतो. आईने शिकवलेत. मला विकायचे होते, स्वस्तात. दहा रुपयांनी कमी. पण उदयकाका म्हणतात, भाव ठरलेला आहे आणि विभाग वाटलेले आहेत. कोणी वाटले ते सांगत नाहीत. असं असतं का?"

साखरेचा दुसरा चमचा न घालताच कालिंदीने कप पुढे केला.

उकिडवे कोचावर सरसावून बसले. चार दिवसांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर रक्त आलं. "भाव ठरलेला," ते म्हणाले. "विभाग वाटलेले. मध्यस्थ एकच. लेखी काही नाही?"

"काही नाही."

"फार हुशार टोळी आहे," उकिडवे प्रेमाने म्हणाले. "कालिंदी, ऐकलंस? आपल्या मंडळात! साखर जरा कमी आहे चहात."

उदयने थोपवायचा प्रयत्न केला. फोनवर म्हणाला, "साहेब, मोदकच तर आहेत. सोडून द्या."

"उदय, ती पण पावडरच होती."

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर सूचना झळकली: 'उकडीच्या मोदकांच्या भावाबाबत संगनमत झाल्याची तक्रार प्राप्त झाली आहे. संगनमतातील जी व्यक्ती सर्वप्रथम बंद लिफाफ्यात संपूर्ण कबुली देईल तिला पूर्ण माफी. दुसऱ्या व्यक्तीची निम्मी ऑर्डर कायम. त्यानंतर माफी नाही; यंदा सभासदांनी तिचे मोदक घेऊ नयेत. मिळाल्याची वेळ सचिव लिफाफ्यावर घालतील. लिफाफे रविवारी सभेत उघडले जातील. — श्या. उकिडवे, चौकशी अधिकारी.' खाली कोणी अंगठा दाखवला, कोणी 'मोरया' लिहिलं, आणि एका आजोबांनी गुलाबाच्या फुलावर सुप्रभात पाठवलं.

तिघी दुपारी वासंतीकडे जमल्या. कोणी अर्ज करायचा नाही, असं ठरलं. देव्हाऱ्यातल्या गणपतीवर हात ठेवून शपथ झाली. शोभाने डोळे पुसले. "आपण काय त्या पावडरवाल्यांसारख्या आहोत का?" ती म्हणाली.

कालिंदी घरी पोचते तो वासंतीचा फोन.

"सहज केला गं. पोचलीस ना?"

"पोचले."

"भाऊजी घरी आहेत?"

"आहेत. का?"

"काही नाही, सहज."

फोन ठेवते तो शोभाचा. तीही सहजच. तिलाही भाऊजींचीच काळजी. कालिंदीला जेवताना ऐकलेलं ते वाक्य आठवलं, शंका पुरते म्हणे. तिने ठरवलं, शपथ मैत्रिणींशी आहे, नवऱ्याशी बोलायला कोणाची बंदी? लिफाफाबिफाफा नको, सरळ सांगून टाकावं.

"अहो, मला एक सांगायचंय." तिने आमटी वाढता वाढता सुरुवात केली.

"मोदकांविषयी?"

"हो."

"मग नाही." उकिडव्यांनी हात वर केला. "चौकशी चालू असताना अधिकाऱ्याने जेवताना काही ऐकायचं नसतं."

"जेवून झाल्यावर सांगते."

"तेव्हाही नाही. तुला मैत्रिणींची रदबदली करायची असेल, मला समजतं. पण ज्याला सांगायचं त्याने अर्ज द्यावा. बंद लिफाफा. वर वेळ."

"मी तुमची बायको आहे."

"म्हणून तर म्हणतो," उकिडवे समजुतीने म्हणाले. "तू बोललीस तर उद्या लोक म्हणतील, उकिडव्यांच्या स्वयंपाकघरातून निकाल लागतो."

कालिंदी त्यांच्याकडे बघत राहिली. हा माणूस झेरॉक्सवाल्याच्या प्लेटीतून पाच कंपन्या बाहेर काढतो आणि याला आपल्या ताटात कोण काय वाढतंय ते दिसत नाही. तिला राग यायला हवा होता. आली ती एक विचित्र धास्ती: रविवारी सगळ्यांसमोर कळलं तर हे कसे दिसतील?

सकाळी ती लिफाफा घेऊन निघाली. कबुलीचा मसुदा तिने छान केला होता. पश्चात्ताप होता, परिस्थिती होती, माफीची विनंती होती. उदयचं बेहाल्यातच चष्म्याचं दुकान आहे. शटर इतक्या सकाळीच वर गेलेलं होतं. तिने लिफाफा काउंटरवर ठेवला. उदयने तो घेतला नाही.

"वहिनी, रागावू नका," तो म्हणाला. "तुम्ही तिसऱ्या."

"म्हणजे?"

"वासंतीताई सात वीसला आल्या. टॅक्सीने. शोभाताई सात पस्तीसला. दोघी दारात एकमेकींना भेटल्या, म्हणाल्या, चष्म्याचा नंबर बघायला आलोय."

"काल तर गणपतीवर हात ठेवला होता!"

"हो. त्या दोघीही मला तेच सांगत होत्या, तुमच्याबद्दल."

कालिंदी ग्राहकांच्या स्टुलावर बसली. समोर भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता होता. वरची ओळ स्पष्ट, खालची पुसट. ती बराच वेळ खालच्या ओळीकडे बघत होती. तिसऱ्याला माफी नाही. म्हणजे यंदा दक्षिणेतून फोन येणार नाही. 'काकू, तुमच्याच हातचे' म्हणणारे उत्तरेकडून आणि सॉल्टलेकहून मोदक मागवतील, नाहीतर उन्मेषकडून.

"तो इकडे दे," ती म्हणाली. लिफाफा फाडला. "कागद आहे?"

उदयकडे नंबर लिहून द्यायची वही होती. 'उजवा डोळा, डावा डोळा' असं छापलेल्या कागदावर तिने काउंटरला टेकून, एकदाही न थांबता लिहिलं. आता माफी मागायचीच नव्हती, त्यामुळे लिहिणं फार सोपं झालं.

रविवारी मंडळाचा हॉल भरला. इतके लोक गणपतीच्या आरतीलाही नसतात. उकिडवे टेबलामागे ताठ बसले होते. निरोपसमारंभातली शाल पांघरायचा मोह त्यांनी आवरला होता, पण शर्टाला इस्त्री कडक होती. पहिल्या रांगेत उन्मेष, मांडीवर नमुन्याच्या मोदकांचा डबा. कालिंदी शेवटच्या रांगेत. वासंती आणि शोभा दोन टोकांना, एकीची पाठ दुसरीकडे.

"पहिला अर्ज," उकिडवे म्हणाले आणि कडेने लिफाफा फाडला. त्यांचा वाचायचा आवाज खास होता. तो कालिंदीने कधी ऐकला नव्हता. ऑफिसातला तो आवाज घरी येतच नसे. स्वच्छ, सावकाश, नावाच्या प्रत्येक भागावर थांबणारा. "'मी, वासंती, कबूल करते की मोदकांचा भाव आम्ही तिघींनी संगनमताने ठरवला. तथापि ही योजना मूळची माझी नसून सौभाग्यवती कालिंदी... श्यामसुंदर... उकिडवे...' "

तीस वर्षं जशी नावं वाचली तसंच त्यांनी हेही वाचलं, आडनावावर नीट थांबून. आणि मग ते नाव त्यांना ऐकू आलं.

हॉलमधला पंखा कुरकुरत होता. उन्मेषने आधी टेबलाकडे पाहिलं, मग मान मागे वळवून सगळीकडे, आणि त्याच्या लक्षात आलं की हे हॉलमध्ये फक्त दोघांना ठाऊक नव्हतं. त्याने डबा खुर्चीखाली सरकवला.

उकिडवे पाणी प्यायले. दुसरा लिफाफा उघडला. शोभाचा अर्ज चार ओळींनी मोठा होता आणि जास्तीच्या चारही ओळी कालिंदीविषयी होत्या. त्यांनी तोही पूर्ण वाचला. मग तिसरा.

"'उजवा डोळा, डावा डोळा,'" ते वाचू लागले, थांबले, चष्मा सारखा केला. अक्षर त्यांनी ओळखलं असणार. याच अक्षरातल्या वाणसामानाच्या याद्या घेऊन ते तीस वर्षं बाजारात गेले होते. "'वासंती आणि शोभाने लिहिलं ते खरं आहे. योजना माझी. दोघी बोलत नव्हत्या, त्या बोलाव्यात म्हणून केली. नंतर मला पैसे आवडले, आणि लोक माझं नाव घेऊन फोन करतात तेही आवडलं. तक्रार करणाऱ्या मुलाचे मोदक मी शेजारणीकडून मागवून खाल्ले. त्याच्या पाऱ्या आमच्यापेक्षा पातळ आहेत आणि एकही कळी फुटलेली नाही. म्हणून आम्ही त्याला येऊ दिलं नाही. हे कसं करायचं ते मी कुठे शिकले ते चौकशी अधिकाऱ्यांना माहीत आहे. ते रोज जेवताना शिकवत होते.'"

कोणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं.

"'माझ्या यजमानांना यातलं काही माहीत नव्हतं. दर वर्षी चतुर्थीच्या आठवड्यात आमच्या बाल्कनीत दोनशे नारळ असतात. त्यांनी ते मोजले. एकशे नव्व्याण्णव भरले आणि एक नासका निघाला म्हणून नारळवाल्याशी तासभर भांडले. पण इतके कशाला, हे चार वर्षांत विचारलं नाही. माफी नको. — कालिंदी.'"

आधी मागची रांग हसली, मग मधली, मग सगळा हॉल. आजोबा तर काठी आपटत हसले. वासंतीने तोंडावर पदर घेतला. तो हसण्यासाठी की लाजेने, ते समजलं नाही. उकिडवे हसले नाहीत. त्यांनी तिन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या.

"काकू, सॉरी, मी तक्रार मागे घेतो," उन्मेष उभा राहून घाईघाईने म्हणाला.

"बस खाली," कालिंदी मागून म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "तक्रार खरी आहे, मग मागे कशाला घेतोस?"

"मग निकाल?" उदयने टेबलाकडे बघत भीत भीत विचारलं. "म्हणजे, साहेब... तिसऱ्या अर्जाला तुमच्या सूचनेप्रमाणे..."

उकिडव्यांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत असं तोंड उघडं राहिलेलं कालिंदीने पाहिलं नव्हतं, आणि ते तिला बघवेना.

"तिसरीला माफी नाही," तीच म्हणाली. ती उभी राहिली होती. "यंदा मी एकही ऑर्डर घेणार नाही. दक्षिणेतल्यांनी उन्मेषकडून घ्यावेत. भाव त्याचा तो ठरवेल, वासंतीने तिचा, शोभाने तिचा. झालं?"

उकिडवे तिच्याकडे बघत होते, पारडं उचलून खाली बघावं तसे.

"अगं पण नारळ?" वासंतीला राहवलं नाही. "सांगून ठेवलेत ना तू दोनशे?"

"ते उन्मेषला देईन."

"चालेल की काकू," उन्मेषचा जीव भांड्यात पडला. "कितीला?"

"ये घरी संध्याकाळी. आपण दोघं मिळून ठरवू."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते. सगळ्या माना टेबलाकडे वळल्या.

उकिडव्यांनी पेन उघडलं. निकालासाठी ठेवलेल्या कोऱ्या कागदावर 'चौकशी अधिकारी' याखाली त्यांचं नाव होतं. त्यावर एक सरळ रेघ मारली आणि टोपण लावलं. कालिंदीला त्यांच्या कचेरीतली रीत माहीत होती: आपल्या माणसाचं प्रकरण समोर आलं की अधिकाऱ्याने उठून जायचं, आणि जाताना खोकायचंसुद्धा नाही, कारण खोकलाही मत समजला जातो. पण ते उठले तेव्हा त्यांचे खांदे हलत होते. पंख्याचा वारा शर्टात शिरला होता, की ते हसू दाबत होते, हे मागच्या रांगेतून तिला कळेना. ते खुर्च्यांमधल्या वाटेने दारापर्यंत गेले, तिच्या शेजारून, तिच्याकडे न बघता. चपला पायांत सरकवल्या आणि न खोकता बाहेर पडले.